ओर्नाटने दिलेली लेक

द्रुमेलाच्या मठातून निरोप आला तेव्हा देरबिल लोणी काढत होती. निरोप सासूने आणला, आणि अंगणातूनच ओरडत आणला.

"अगं ए मेलेले! बाहेर ये. मठमातेने तुझी आठवण काढलीय."

सासू लासर तिला लग्नापासून अशीच हाक मारायची. देरबिलला त्याचं काही वाटत नसे. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, की बारा दिवसांची असताना ती तापाने गेली होती. तिची आई तेमार मेलेलं लेकरू शालीत गुंडाळून द्रुमेलाला धावली होती. संत ओर्नाटने ते तिच्या हातातून घेतलं, प्रार्थनाघराचं दार लावून घेतलं, आणि संध्याकाळी तेमार त्या दारातून बाहेर आली ती रडतं मूल छातीशी धरून. गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची. ओर्नाट जाऊनही आता वीस वर्षं झाली होती. पण अजूनही कुणाचं पोर आजारी पडलं की लोक देरबिलच्या दारात आणत, तिने नुसता हात लावावा म्हणून. ती लावायची. काही पोरं बरी व्हायची, काही जायची.

"कशाला बोलावलंय?" तिने विचारलं.

"ओर्नाटचं चरित्र लिहायचंय म्हणे. लांबच्या मठातून कुणी लेखक साधू आलाय, ब्रेकान नावाचा. लिहायला वासराच्या कातड्यांची ही चळत घेऊन. सगळ्यांच्या साक्षी घेतोय. रविवारी तुझी." लासर दारातल्या दगडावर बसली. "आणि नुसती साक्ष नाही. ओर्नाटच्या घंटेवर हात ठेवून शपथ. खालच्या मोठ्या मठाला द्रुमेला गिळायचंय ना, मग आपली संत किती मोठी ते दाखवायला नको? तुझ्याएवढी मोठी साक्ष दुसरी कुठली? चालता बोलता चमत्कार तू!"

देरबिलचा हात रवीवरच थांबला.

"थांबलीस का? ताक होईल त्याचं."

ती पुन्हा घुसळू लागली, पण लोणी काही धरेना. घंटेवरची शपथ म्हणजे काय ते पोरासोरांनाही माहीत होतं. घोडाचोर कोनला त्या घंटेवर हात ठेवून खोटं बोलला, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड कानापर्यंत वाकडं झालं. मरेपर्यंत त्याच्या ओठातून लाळ गळायची. देरबिलने लहानपणी त्याला पाहिलं होतं.

आणि खरं काय ते देरबिलला गेल्या हिवाळ्यापासून माहीत होतं.

तेमार गेली त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. चुलीशेजारी अंथरूण होतं. देरबिल तिला दुधात भिजवलेली ओटची भाकर भरवत होती. तेमारने तोंड फिरवलं.

"तुला एक सांगायचंय. सांगितलं तर तुझा जीव टांगणीला लागेल. नाही सांगितलं तर माझा सुटत नाही."

"काय गं आई?"

"माझी देरबिल त्या दिवशी गेलीच. परत आली नाही. तू दुसरी आहेस."

देरबिलला वाटलं, ताप डोक्यात चढला. पण तेमारचे डोळे स्वच्छ होते.

"मग मी कोणाची?"

"गढीवरच्या बटकीची. मठातल्या कुमानला विचार, ती होती तिथे." आणि मग तिने देरबिलचं मनगट असं धरलं, की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ दिसत होते. "पण मी पाजलंय तुला. हे विसरू नकोस."

देरबिलने कुमानला विचारलं नव्हतं. हिवाळा गेला, वासरं झाली, गवत वाढलं, तरी विचारलं नव्हतं. न विचारता ती गोष्ट म्हाताऱ्या बाईची बडबड होऊन राहिली असती. विचारलं की खरी होणार. आणि खरी झाली तर? बटकीचं पोर धन्याचं, हा कायदा होता. त्या पोरीची पोरंही धन्याचीच. देरबिलला तीन मुलं होती. थोरल्या लेकीचं, लीगाखचं, लग्न ठरत आलं होतं. गढीचा आत्ताचा धनी दुनखाद तसा बरा माणूस, हसतमुख, पण स्वतःची गाय चुकून दुसऱ्याच्या गोठ्यात गेली तर तो ती तिथे सोडून देणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती द्रुमेलाला गेली. कुमान मठाच्या मळ्यात कांद्याच्या वाफ्यात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, वाळल्या खारकेसारखी साध्वी. देरबिलचा चेहरा बघूनच तिने खुरपं खाली ठेवलं.

"तेमारने सांगितलं वाटतं. मला वाटलं, बरोबर घेऊन जाईल."

"खरं आहे, कुमान आजी?"

"बस. कांदे उपट. कुणी बघितलं तर कामाला आलीस असं वाटेल."

देरबिल बसली.  पात तुटून येत होती, कांदा मातीतच राहत होता.

"तेमार आली ती सकाळी," कुमान हळू आवाजात म्हणाली. "मूल मी हातात घेतलं. गार. ओर्नाटलाही कळलं. पण तेमार तिचे पाय सोडेना. तू मागितलंस तर देव देईल, एवढंच घोकत राहिली. मग ओर्नाटने मूल आत नेलं, दार लावलं. मी आतच होते. मागितलं गं तिने. दुपार टळेपर्यंत मागितलं. गुडघे सोलवटले. काही झालं नाही."

"मग?"

"मग ती उठली आणि मला म्हणाली, गढीवरची ती परदेशी बटीक परवा बाळंतपणात गेली ना, तिच्या पोराचं काय झालं? मी म्हटलं, जात्याशेजारी टोपलीत पडलंय, कुणी पाजत नाही, आज नाही तर उद्या जाईल. म्हणाली, घेऊन ये." कुमानने एक कांदा झटकला. "ह्याच वाफ्यातली पात वर टाकून आणलं तुला. वाटेत एकदा शिंकलीस. माझा अर्धा जीव तिथेच गेला."

"गढीवर कुणी विचारलं नाही?"

"मी सांगितलं, मेलं, पुरलं. मरणारच होतं, कोण विचारतंय? ते खोटं माझं आहे. त्याचं मी देवाशी बघेन."

"आणि आई? तिला केव्हा कळलं?"

"दार उघडायच्या आधीच. ओर्नाटने तिला आत घेतलं, दोन्ही पोरं दाखवली. म्हणाली, हे तुझं गेलं. ह्याला आई नाही, आणि तुझ्या छातीत दूध आहे. तेमार नुसती बघत राहिली. कितीतरी वेळ. मग तू रडलीस, आणि तिचा पान्हा फुटला. कपडे भिजले सगळे. तिने तुला उचललं ती उचललीच. बाप तर गुरं घेऊन डोंगरावर होता, त्याने पहिलीचं तोंडही पाहिलं नव्हतं."

"पण मग ओर्नाटने लोकांना खोटं का सांगितलं?"

"ती काही बोललीच नाही!" कुमानचा आवाज चढला, मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "तेमार मूल घेऊन बाहेर आली आणि बाहेर जमलेले सगळे गुडघ्यावर. 'उठवलं, उठवलं' म्हणून आरडाओरडा. ओर्नाट सांगायलाच निघाली होती. तेवढ्यात त्या गर्दीत तिला गढीचा धनी दिसला, दुनखादचा बाप. ती गप्प बसली ती जन्मभर. दर वर्षी त्या दिवशी तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहायची. लोक म्हणायचे, केवढं हे तप! मला एकटीला म्हणायची, कुमान, त्यांनी मला चढवून ठेवलंय आणि मला खाली उतरता येत नाही."

देरबिलने हातातली पात खाली ठेवली. "तिचं नाव काय होतं? माझ्या... त्या बाईचं?"

"कुणाला ठाऊक? समुद्रापलीकडून धरून आणलेली. तिची भाषा कुणाला कळायची नाही. केस मात्र तुझेच."

"मी रविवारी काय करू, आजी?"

"ते मला विचारू नकोस. मी कांदे लावणारी बाई."

आयुष्य काढलेल्या त्या वाटेवर देरबिल घरी येताना दोनदा चुकली. नवरा आल्गल गोठ्याच्या भिंतीला फांद्या विणत होता. चार दिवस ती मनातच कुढत राहिली.  लीगाख विचारायची, "आई, तू माझ्याकडे असं काय बघतेस?" शनिवारी दुपारी तिने आल्गलला गोठ्यामागे गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. ती त्याच्या हातातल्या फांदीकडे बघत होती.

फांदी हलायची थांबली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुमानला. आता तुला."

"माझ्या आईला?"

"वेडा आहेस का?"

आल्गल उठला, गोठ्याला एक फेरी घालून आला, परत बसला. "मेलेली बाई घरात आणली म्हणून आई मला पंधरा वर्षं बोलतेय. म्हणजे जिवंतच होतीस. बरं झालं." पण तो हसला नाही.  "उद्या शपथ घेऊन टाक. हो म्हण आणि मोकळी हो."

"खोटी? त्या घंटेवर?"

"तोंड वाकडं झालं तर वाकड्या तोंडाची बायको सांभाळीन मी. पण खरं बोललीस तर दुनखाद चौघांनाही गढीवर नेईल. लीगाखला जात्यावर बसवेल. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?"

"मला ते पाच महिन्यांपासून कळतंय," देरबिल म्हणाली.

रविवारी प्रार्थनाघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मठमाता सिनेख समोर बसली होती. तिच्या शेजारी दुनखाद, नवा झगा घालून, कारण घंटेला चांदीचं आवरण त्याने करून दिलं होतं. ब्रेकान उतरत्या फळीवर कातडं पसरून बसला होता. पन्नाशीचा, बोटं शाईने काळी, डोळे सतत अर्धे मिटलेले. देरबिलला पुढे बोलावलं तेव्हा लोकांनी वाट केली आणि दोघीतिघींनी तिच्या शालीला हात लावून घेतला.

घंटा लहान होती, गाईच्या गळ्यात शोभेल एवढीच. देरबिलने हात ठेवला. चांदी थंड होती.

"तेमारची मुलगी देरबिल," ब्रेकान वाचल्यासारखा म्हणाला, "तू मेली होतीस आणि संत ओर्नाटच्या प्रार्थनेने पुन्हा जिवंत झालीस, हे तू शपथेवर सांगतेस?"

  गर्दीत आल्गल कुठे उभा आहे हे न बघताही तिला कळत होतं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मी बारा दिवसांची होते."

लोक हसले. दुनखाद सगळ्यांत मोठ्याने हसला. "अगं, तुला आठवतंय का असं नाही विचारत आहेत ते! तुझ्या आईने सांगितलं असेल ना? तेच सांग. मी स्वतः होतो तिथे, बापाच्या खांद्यावर. तुझं ते रडणं अजून माझ्या कानात आहे."

"आईने सांगितलं..." देरबिल म्हणाली, आणि थांबली. आता पुढचा एकच शब्द. एका बाजूने कोनलाचं गळकं तोंड, दुसऱ्या बाजूने लीगाख जात्यावर. 

हसणं विरलं. ब्रेकानने डोळे पूर्ण उघडले.

"मी सांगते," मागून कुणीतरी म्हणालं.

कुमान काठी टेकत पुढे आली. लोकांना बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही, कुणाच्या पायावर काठी पडली, कुणी कळवळलं. तिने आपला सुरकुतलेला हात देरबिलच्या हाताशेजारी घंटेवर ठेवला.

"मी आत होते, माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. लिहा. तेमारने मूल आणलं ते मेलेलं होतं, मी ह्या हातांनी घेतलं. ओर्नाटने दुपारभर देवाकडे मागितलं. आणि संध्याकाळी त्याच दारातून तेमार जिवंत मूल घेऊन बाहेर आली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ह्यात एक शब्द खोटा असेल तर माझं तोंड आत्ता वाकडं होवो."

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. देरबिलही. तोंडात दात नव्हते, पण ते सरळ होतं.

ब्रेकानची लेखणी चालली. मग थांबली. "तेच मूल?" त्याने विचारलं. अगदी सहज, शाई बघता बघता.

 कुमानची काठी फरशीवर आपटली.

"तेमारने ते पाजलं, वाढवलं, नांदायला पाठवलं, आणि मरताना तिचाच हात धरून मेली. आपलं मूल कोणतं ते आईला कळत नाही असं म्हणायचंय का बाबा तुम्हाला? तुम्ही साधू माणसं, तुम्हाला काय ठाऊक!"

प्रार्थनाघर हास्याने दणाणलं. मठमाता सिनेखनेही तोंडावर हात धरला. ब्रेकान मात्र हसला नाही. तो देरबिलकडे वळला. "आणि तू?"

आणि देरबिलला एकदम दिसलं, की खरं बोलायला जागा आहे. अरुंद आहे, पण आहे.

"ओर्नाटने मला मरणाच्या हातून काढून घेतलं आणि माझ्या आईच्या ओटीत घातलं. ती नसती तर मी आज नसते, माझी पोरं नसती. एवढं मी शपथेवर सांगते."

ब्रेकानने ते लिहून घेतलं.

त्यानंतर आठ दिवस देरबिल दुधाच्या भांड्यात, पाण्याच्या बादलीत आपलं तोंड बघत होती. काही ना काही निमित्त काढून रोज मठात जाऊन कुमानचंही बघत होती. चौथ्या दिवशी कुमान वैतागली. "अगं, असं बघत राहिलीस तर लोकांना वाटेल मला दाढी फुटलीय."

नवव्या दिवशी ब्रेकान परत जायला निघाला आणि वाटेत देरबिलच्या दारात थांबला. ताक मागितलं. आल्गल शेतावर होता, लासर झोपली होती. त्याने उभ्यानेच दोन घोट घेतले.

"मी लिहिलंय की तेमारला लेकरू मिळालं," तो म्हणाला. "परत मिळालं असं लिहिलेलं नाही. वाचणारा आपलं आपण वाचेल."

देरबिलने दाराची चौकट धरली. "बाबा, तुम्ही..."

"माझी आई पण धरून आणलेलीच होती," ब्रेकान तिच्या केसांकडे बघत म्हणाला. भांडं तिच्या हातात दिलं, कातड्यांची पिशवी खांद्याला लावली आणि गेला. ताक अर्धंच प्यायला होता. त्याने हे दिलासा म्हणून सांगितलं की इशारा म्हणून, ह्यावर देरबिल आणि आल्गल पुढे कितीतरी वेळा कुजबुजत भांडले.

लीगाखचं लग्न झालं. ओर्नाटचं चरित्र सणाच्या दिवशी वाचलं गेलं, मग त्याच्या नकला झाल्या, दुसऱ्या खोऱ्यांतही वाचलं जाऊ लागलं. खालच्या मोठ्या मठाने द्रुमेलाचा नाद सोडला. दुनखाद दर वर्षी देरबिलला सणाच्या पंगतीत आपल्याशेजारी बसवायचा आणि आपल्या हाताने मांस वाढायचा. 

तिसऱ्या वर्षी, गवत कापायच्या दिवसांत, एक अनोळखी बाई अंगणात येऊन उभी राहिली. विशीतली. पाय रक्ताळलेले. तीन दिवस चालत होती म्हणे. हातात गाठोडं होतं आणि त्याचा वास येत होता.

"परत आलेली देरबिल तूच ना?" तिने विचारलं. "आमच्याकडे पुस्तकातून वाचून दाखवलं. ओर्नाट तर नाही आता. पण तुला येत असेल."

आल्गल गाईची धार अर्धी टाकून उठला. लासर दारात आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

"मला येत नाही, बाई," देरबिल म्हणाली.

"मग तिला कसं आलं?"

देरबिलने त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला समजावून माघारी पाठवता आलं असतं. तुझी श्रद्धा कमी पडली, असं सांगता आलं असतं, लोक सांगतातच. ती पोरगी ते घेऊन तीन दिवस परत चालत गेली असती आणि पुढे जन्मभर चालत राहिली असती.

"तिलाही आलं नव्हतं," देरबिल म्हणाली. आल्गलने दचकून तिच्याकडे पाहिलं, पण ती थांबली नाही. "तिने दिवसभर मागितलं, आणि तिलाही मिळालं नाही. मेलेलं मूल मेलेलंच राहिलं. मी दुसरी कुणीतरी आहे. दे इकडे. दमली असशील."

पोरीने गाठोडं सोडलं नाही. मग सोडलं. देरबिलने ते दोन्ही हातांवर घेतलं. लासरने काही न विचारता पाणी तापत ठेवलं, आणि आल्गल कुदळ आणायला गेला.

ती बाई पाच दिवस राहिली. जाताना म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही." देरबिलने मान हलवली. सांगेल, न सांगेल. तिच्या गावात, विहिरीवर, कधीतरी रागात, कधीतरी रडताना. त्या रात्री लासर चुलीकडे बघत एवढंच म्हणाली, "दुसरी कुणीतरी म्हणे," आणि पांघरूण ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिने देरबिलला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

गवत कापून झालं. देरबिल रोज सकाळी कुंपणापर्यंत जायची आणि गढीकडून येणाऱ्या रस्त्यावर कुणी घोडेस्वार दिसतो का ते बघायची. त्या वर्षी कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तरी ती जायची.